पाहुण्या पेशी, यजमान देह

माळव्यातला पावसाळा म्हणजे बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचा हंगाम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका गर्दीच्या सकाळी सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. मुलगा ओळखीचाच. तो तान्हा असताना त्याला थॅलेसेमिया मेजर असल्याचे निदान मीच केले होते आणि तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त देण्यासाठी त्याची आई त्याला घेऊन येत असे. सुदैवाने थोरल्या बहिणीचे एचएलए त्याच्याशी पूर्णपणे जुळले आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात, दूरच्या एका मोठ्या शहरात, बहिणीच्या अस्थिमज्जेचे त्याच्या शरीरात प्रत्यारोपण झाले. पहिले शंभर दिवस तिथेच काढून ते कुटुंब इंदूरला परतले होते. रक्त घेण्याची गरज संपली होती. घरात पेढे वाटून झाले होते.

त्या सकाळी त्याला दोन दिवसांपासून पातळ जुलाब होत होते. बाहेर तशीच पंधरा मुले बसली होती. मी ओआरएस आणि झिंक लिहून दिले व पुढच्या मुलाकडे वळलो. तिसऱ्या दिवशी आई परत आली. जुलाब वाढले होते. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जरा याचे तळहात बघा ना. भाजल्यासारखे लाल झालेत."

मी तळहात पाहिले, तळपाय पाहिले, कानांच्या पाळ्यांवरची लाली पाहिली आणि आपण काय हातचे घालवले हे माझ्या ध्यानात आले. त्या दुपारी प्रत्यारोपण केंद्राशी फोनवर बोलणे झाले आणि रात्रीच्या गाडीने तो मुलगा तिकडे रवाना झाला. पुढे तो बरा झाला, त्याचे श्रेय त्या केंद्राचे. दोन दिवसांच्या विलंबाचे अपश्रेय माझे.

त्या आजाराचे नाव 'ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज', म्हणजेच जीव्हीएचडी. माझ्या एम.डी.च्या काळात पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम अर्धे पान असे आणि परीक्षेत तो फारसा विचारलाही जात नसे. आज मात्र प्रत्यारोपण झालेली मुले आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत येऊ लागली आहेत. म्हणून या आजाराविषयी आणि त्यावर चाललेल्या संशोधनाविषयी, स्मरणिकेच्या वैद्यक व्यवसायातील आणि त्याबाहेरील अशा दोन्ही वाचकांसाठी, चार गोष्टी सांगण्याचा हा प्रयत्न.

उलटा नकार

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात रुग्णाचे शरीर नव्या अवयवाला परका मानून नाकारू पाहते, हे आता सर्वपरिचित आहे. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात याच्या नेमकी उलट घटना घडू शकते. इथे जे रोवले जाते तीच मुळी रोगप्रतिकारयंत्रणा असते. प्रथम प्रखर औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा रिकामी केली जाते. मग दात्याच्या मूलपेशी साध्या सलाइनप्रमाणे शिरेतून दिल्या जातात. त्या रक्तातून वाट काढत हाडांच्या पोकळीत पोहोचतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त बनवू लागतात. परंतु मूलपेशींबरोबर दात्याच्या प्रौढ टी-लसिकापेशीही येतात. आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे हेच त्यांचे काम. त्या नव्या घरात डोळे उघडतात आणि त्यांना सारे घरच परके दिसते. पाहुण्याने यजमानावरच हात उगारावा, तसे हे घडते.

१९६६ मध्ये रूपर्ट बिलिंगहॅम यांनी या आजारासाठी तीन अटी मांडल्या. रोवलेल्या पेशींमध्ये प्रतिकारक्षम पेशी असाव्यात, यजमानाच्या शरीरात दात्याकडे नसलेल्या काही खुणा असाव्यात आणि त्या पाहुण्या पेशींना हुसकावून लावण्याची ताकद यजमानात नसावी. या तीन अटी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढचे बहुतेक संशोधन आपोआप उलगडते. प्रत्येक नवा उपाय यांपैकी एखादी अट मोडण्याचा प्रयत्न करत असतो.

मग एचएलए पूर्णपणे जुळलेल्या सख्ख्या भावंडांतही हे का व्हावे? सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुके जुळण्याची शक्यता प्रत्येक सख्ख्या भावंडामागे २५ टक्के असते. ती जुळली तरी इतर असंख्य प्रथिनांत बारीकसारीक फरक उरतातच. आमच्या मुलाचेच उदाहरण घ्या. मुलाच्या वाय गुणसूत्रावरून बनणारी काही प्रथिने बहिणीच्या पेशींनी जन्मात पाहिलेली नसतात. त्यांच्या दृष्टीने ती परकीच.

आजाराची दोन रूपे

तीव्र जीव्हीएचडीचा रोख तीन ठिकाणी असतो. त्वचेवर तळहात, तळपाय व कानांपासून सुरू होणारे पुरळ, आतड्यात जुलाब, आणि यकृतात कावीळ. पूर्वतयारीच्या औषधांनी आतड्याचे अस्तर आधीच सोललेले असते. त्यातून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, दाहकारक रसायने उसळतात आणि त्या कोलाहलात दात्याच्या टी-पेशी जाग्या होतात. त्या पुन्हा त्याच आतड्यावर तुटून पडतात. असे हे चक्र आहे.

दीर्घकालीन जीव्हीएचडीचे रूप वेगळे असते. तोंड कोरडे पडते, डोळ्यांत खडे टोचतात, त्वचा ताठरते, सांधे आखडतात आणि कधी फुफ्फुसाच्या बारीक नळ्या कायमच्या आवळल्या जातात. पूर्वी शंभर दिवसांच्या आतला तो तीव्र आणि नंतरचा तो दीर्घकालीन असा सरळ हिशेब असे. २००५ मध्ये अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या पुढाकाराने झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीनंतर हा हिशेब मागे पडला. आता निदान दिवस मोजून होत नाही, लक्षणे पाहून होते. आमच्या मुलाला शंभर दिवस उलटून गेल्यावर झालेला आजार तीव्र प्रकारचाच होता. मी मात्र मनात कुठेतरी 'शंभर दिवस तर झाले' असे म्हणत निर्धास्त झालो होतो.

दुधारी शस्त्र

या आजाराचा इतिहास चमत्कारिक आहे. १९५६-५७ च्या सुमारास इंग्लंडमधील हार्वेल येथे बार्न्स, लाउटिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना किरणोत्साराची प्रखर मात्रा देऊन दुसऱ्या वंशाच्या उंदरांची मज्जा दिली. ल्युकेमिया हटला, पण उंदीर जुलाब होऊन खंगत गेले व मेले. या खंगण्याला 'दुय्यम आजार' असे नाव पडले. मात्र हीच परकी मज्जा ल्युकेमियाच्या पेशींनाही मारत असावी, ही शंका त्याच संशोधकांना आली होती. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसावरचे आपले पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. त्यानंतर बराच काळ अपयशच पदरी आले. १९६८ मध्ये रॉबर्ट गुड यांच्या चमूने मिनियापोलिस येथे जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा देऊन वाचवले, तेव्हा वाट खुली झाली. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या उपचाराचा आरंभ केला.

ऐंशीच्या दशकात संशोधकांनी सरळ विचार केला : टी-पेशींमुळे आजार होतो ना, मग मज्जेतून त्या काढूनच टाकू. तसे केल्यावर जीव्हीएचडी खरोखर कमी झाला. पण मज्जा न रुजण्याचे प्रमाण वाढले आणि ल्युकेमिया उलटण्याचेही. १९९० मध्ये हॉरोविट्झ व सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नोंदवहीतील २,२५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांत आणि टी-पेशी काढलेली मज्जा मिळालेल्यांत ल्युकेमिया अधिक वेळा उलटत होता, तर जीव्हीएचडी झालेल्यांत कमी वेळा. त्याच वर्षी जर्मनीत कोल्ब यांनी ल्युकेमिया उलटलेल्या रुग्णांना दात्याच्या नुसत्या लसिकापेशी देऊन आजार पुन्हा आटोक्यात आणून दाखवला. जी पेशी मारते तीच तारतेही, हे सिद्ध झाले.

इथे आम्हा बालरोगतज्ज्ञांनी एक भेद नीट समजून घ्यावा. ल्युकेमियाच्या रुग्णाला पाहुण्या पेशींच्या या आक्रमकतेचा काही लाभ तरी असतो. थॅलेसेमिया किंवा अप्लास्टिक अॅनिमियाच्या मुलाला तो कणभरही नाही. त्याच्या शरीरात मारण्याजोगा शत्रूच नसतो. त्याच्यासाठी जीव्हीएचडी हा निव्वळ तोटा आहे. त्यामुळे या मुलांत प्रतिबंधाची औषधे अधिक काळ चालू ठेवण्याकडे कल असतो. पालकांना 'थोडासा जीव्हीएचडी चांगला असतो' असे कोणी सांगितले असेल, तर ते वाक्य कोणत्या आजाराच्या संदर्भात होते हे आधी विचारावे.

प्रतिबंधाचे संशोधन

१९८६ मध्ये सिएटलच्या स्टॉर्ब यांच्या चमूने सायक्लोस्पोरिनला मेथोट्रेक्सेटच्या अल्प मात्रांची जोड दिल्यास तीव्र जीव्हीएचडी लक्षणीय घटतो हे यादृच्छिक चाचणीतून दाखवले. तीन दशके जगभर तीच रीत चालली.

पुढचे मोठे पाऊल बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून आले. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडची मोठी मात्रा द्यायची, ही कल्पना ऐकताना वेडेपणाची वाटते. नुकत्याच पेरलेल्या शेतावर तणनाशक फवारण्यासारखेच ते. पण त्यामागे विचार आहे. या दोन दिवसांत यजमानाला परका मानणाऱ्या टी-पेशी वेगाने दुणावत असतात आणि औषधाचा घाव त्यांच्यावर सर्वाधिक बसतो. मूलपेशींत अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे विकर भरपूर असते. ते औषध निष्प्रभ करते आणि मूलपेशी बचावतात. नियामक टी-पेशीही बऱ्याच अंशी टिकून राहतात व उरलेल्यांना आवरतात. या पद्धतीमुळे अर्धेच एचएलए जुळणारे आई-वडील दाते होऊ शकले. ज्या मुलाला जुळणारे भावंड नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा आहे हे सांगायला नको.

२०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४३१ प्रौढ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एक वर्षानंतर रुग्ण जिवंत आहे, मूळ आजार उलटलेला नाही आणि गंभीर जीव्हीएचडीही नाही, अशांचे प्रमाण सायक्लोफॉस्फमाइडच्या गटात ५२.७ टक्के, तर जुन्या रीतीच्या गटात ३४.९ टक्के होते. येथे मोजमापाची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ 'जिवंत आहे का' एवढेच न विचारता 'धड जगतो आहे का' हे विचारले गेले. अर्थात ही चाचणी प्रौढांची होती. तिचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अबाटासेप्ट हे औषध परक्या दात्याकडून होणाऱ्या प्रत्यारोपणात तीव्र जीव्हीएचडीच्या प्रतिबंधासाठी, दोन वर्षे व त्यावरील वयासाठी, मंजूर केले. प्रतिबंधासाठी म्हणून मंजूर झालेले ते पहिलेच औषध. टी-पेशीला जागे होण्यासाठी जो दुसरा इशारा लागतो, तोच ते अडवते.

उपचाराचे संशोधन

आजार झालाच तर पहिला उपाय आजही स्टिरॉइड हाच. आमच्या मुलाला त्याचाच गुण आला. पण सुमारे निम्म्या रुग्णांना तो पुरेसा ठरत नाही, आणि वर्षानुवर्षे अशांसाठी खात्रीचे दुसरे औषध नव्हते. २०१९ मध्ये रक्सोलिटिनिबला १२ वर्षे व त्यावरील वयासाठी मंजुरी मिळाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०९ रुग्णांच्या चाचणीत २८ व्या दिवशी ६२ टक्के रुग्णांना या औषधाचा गुण आला होता. इतर उपलब्ध उपचारांच्या गटात तो ३९ टक्क्यांना आला. दीर्घकालीन प्रकारासाठी २०१७ मध्ये इब्रुटिनिब, २०२१ मध्ये बेलुमोसुडिल व रक्सोलिटिनिब, आणि २०२४ मध्ये अॅक्सॅटिलिमॅब अशी औषधे आली. इब्रुटिनिब २०२२ मध्ये एक वर्षावरील मुलांसाठीही मान्य झाले.

मुलांच्या बाबतीतील एक कथा मला विशेष बोधप्रद वाटते. दात्याच्या मज्जेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीत वापरून पाहिल्या गेल्या. ५४ मुलांच्या चाचणीत सुमारे ७० टक्के मुलांना २८ व्या दिवसापर्यंत गुण आला. तरीही सल्लागार मंडळाचे बहुमत अनुकूल असताना अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये मंजुरी नाकारली, २०२३ मध्ये पुन्हा नाकारली आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये, दोन महिने व त्यावरील मुलांसाठी ती दिली. आक्षेपाचे एक मुख्य कारण असे की, त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. मरणाच्या दारातल्या मुलांना 'तुलनेचा गट' म्हणून बाजूला ठेवायचे कसे, हा प्रश्न खरा. आणि तुलनेवाचून 'गुण आला' म्हणायचे कसे, हाही प्रश्न तितकाच खरा. आपण रोजच्या व्यवसायात 'माझ्या अनुभवात या औषधाने फरक पडतो' असे किती सहज म्हणतो, ते या निमित्ताने आठवून पाहावे.

या क्षेत्रात संशोधन अवघड आहे, कारण रुग्ण थोडे आणि प्रत्येकाचा आजार, दाता व पूर्वतयारी निराळी. म्हणून अनेक केंद्रांनी एकत्र येऊन नोंदी ठेवल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. अशाच सहकार्यातून एसटी-२ आणि रेग-३-अल्फा या रक्तातील दोन प्रथिनांची चाचणी पुढे आली आहे. लक्षणे दिसण्यापूर्वीच कोणाला गंभीर आजार होण्याचा धोका आहे, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

आपले काम

प्रत्यारोपण महानगरांत होते, पण मूल वाढते आपल्या गावात. म्हणून समव्यवसायी मित्रांना काही विनंत्या.

प्रत्यारोपण झालेल्या मुलाला पुरळ, जुलाब किंवा कावीळ झाल्यास, आणि विशेषतः प्रतिबंधक औषध कमी केले जात असल्यास, पहिला विचार जीव्हीएचडीचा करावा आणि त्याच दिवशी केंद्राला फोन करावा. रेंगाळणारा कोरडा खोकला वा धाप 'अॅलर्जी' म्हणून सोडून न देता फुफ्फुसांची तपासणी करावी. सायक्लोस्पोरिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोलसारखे औषध सहज लिहू नये, रक्तातील पातळी वाढते. रिफॅम्पिसिनने ती घसरते.

रक्त देण्याची वेळ आली तर ते २५ ग्रे मात्रेने किरणित केलेलेच असावे. अकिरणित रक्तातील लसिकापेशींमुळेही जीव्हीएचडी होऊ शकतो आणि तो ९० टक्क्यांहून अधिक वेळा प्राणघातक ठरतो. जवळच्या नातेवाइकाचे रक्त यात अधिक धोक्याचे, कारण अर्धे साम्य असल्यामुळे यजमानाचे शरीर त्या पेशी परक्या म्हणून ओळखत नाही. "डॉक्टर, माझंच ताजं रक्त द्या" म्हणणाऱ्या काकाला प्रेमाने पण ठामपणे नकार द्यावा.

लसीकरण जवळजवळ पहिल्यापासून करावे लागते. निष्क्रिय लसी केंद्राच्या सल्ल्याने सहा ते बारा महिन्यांनंतर सुरू होतात. जिवंत लसी मात्र किमान दोन वर्षे देऊ नयेत, आणि त्यानंतरही जीव्हीएचडी नसेल व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे बंद असतील तरच द्याव्यात. घरातील धाकट्या भावंडांना तोंडावाटे पोलिओचा डोस देऊ नये, इंजेक्शनची लस द्यावी.

खर्चाने खचलेल्या पालकांना हेही सांगावे की, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' २०१७ पासून कोल इंडियाच्या निधीतून चालते आणि पात्र मुलांना प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देते.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, दहावीच्या अभ्यासाला लागला आहे. त्याचा रक्तगट पूर्वी बी होता, आता बहिणीचा ओ आहे. रक्षाबंधनाला ती त्यावरून त्याला चिडवते. तोंड थोडे कोरडे पडते, म्हणून पाण्याची बाटली सतत जवळ असते. तेवढीच खूण उरली आहे.

माझ्या दवाखान्यात मात्र त्या ऑगस्टपासून एक वही आहे. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक मुलाचे एक पान. तारीख, दाता, चालू औषधे आणि केंद्राचा फोन क्रमांक. असे मूल आले की स्वागतकक्षातली ताई ती वही आधी माझ्यासमोर उघडून ठेवते आणि मगच मुलाला आत सोडते. खर्च एका वहीचा. आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाने अशी एक वही ठेवावी, एवढेच मागणे मागून हा लेख पुरा करतो.